हद्दपारी: एका शिक्षेची इंग्रजी नावे

मे १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना मंडालेला हद्दपार करण्यात आले आणि १९०८ साली लोकमान्य टिळकांनाही मंडालेलाच हद्दपार करण्यात आले, असे मराठी पुस्तकांत सरसकट लिहिलेले आढळते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. तरी या दोन घटनांना इंग्रजी कायद्यात दोन वेगळी नावे होती. लजपतराय यांच्यावर कोणताही खटला झाला नाही. १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली सरकारने हुकूम काढला आणि त्यांना उचलून नेले. हे ‘डिपोर्टेशन’. टिळकांवर मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे ज्यूरीसह खटला चालला आणि २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तिचे नाव ‘ट्रान्सपोर्टेशन’. सरकारने पुढे ती साध्या कैदेत बदलली. पहिल्या प्रकारात न्यायालय कुठेच नाही, दुसऱ्यात ते आहे. मराठी शब्द हा फरक पोटात घेतो आणि दिसू देत नाही.

मराठीत या अनुभवासाठी शब्द मात्र पुष्कळ आहेत. ‘हद्द’ अरबी-फारसीतून आलेली. तिच्या पार घालवणे ती हद्दपारी. ‘तड’ म्हणजे काठ, त्यावरून ‘तडीपार’. ‘देशोधडी’ आणि ‘परागंदा’ हे शब्द हुकुमापेक्षा माणसाची दशा सांगतात: घरदार सुटलेला, पांगलेला. ‘काळे पाणी’ या शब्दात समुद्र ओलांडण्याची धास्ती आणि जात बुडण्याचे भय दोन्ही भरले आहेत. ‘देशनिकाल’ सर्वांत सरळ. पण हुकूम कोणाचा, न्यायालयाचा की सरकारचा, हे यांतला एकही शब्द सांगत नाही. ब्रिटनमध्ये नेमक्या याच प्रश्नावर आठशे वर्षे शब्दांची झटापट चालली, आणि तिचे परिणाम सातारा, पुणे, नाशिकपर्यंत येऊन पोचले.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये न्यायालयापुढे हजर न होणाऱ्या माणसाला ‘आउटलॉ’ ठरवले जाई. तो देशातच असे, पण कायद्याच्या छत्राबाहेर. त्याला लांडग्याच्या मोलाचा मानत. देशाबाहेर जाण्याची खरी रीत निराळी होती आणि ती चर्चच्या दारात सुरू होई. खून किंवा चोरी करून पळालेला माणूस चर्चमध्ये शिरला की चाळीस दिवस त्याला कोणी हात लावू शकत नसे. त्या मुदतीत राजाचा अधिकारी, कॉरोनर, येई. त्याच्यापुढे गुन्हा कबूल करून राज्य सोडून जाण्याची शपथ घेतली तर जीव वाचे. मालमत्ता जप्त होई. कॉरोनर एक बंदर ठरवून देई, बहुधा डोव्हर. माणसाने हातात लाकडी क्रूस धरून, राजरस्ता न सोडता तिथवर पायी जायचे. जहाज मिळाले नाही तर रोज गुडघाभर समुद्रात उतरायचे, देश सोडण्याची आपली तयारी खरी आहे हे दाखवायला. वाट सोडली किंवा राजाच्या परवानगीशिवाय परत आला, तर मृत्यू. या रीतीचे नाव होते ‘अ‍ॅब्ज्युरेशन’, म्हणजे शपथपूर्वक त्याग. देशाने माणसाला घालवले असे तिथे म्हटले जात नसे. माणसाने देश सोडण्याची शपथ घेतली, असे म्हटले जाई. फाशीचा दोर समोर लोंबत असताना घेतलेल्या शपथेला कायदा स्वेच्छा मानत होता. हीच युक्ती पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

आठव्या हेन्रीच्या काळात या रीतीला वेगळेच वळण लागले. देश सोडणारे लोक इंग्लंडची गुपिते आणि कसब परदेशात नेतात, अशी तक्रार होऊन १५३१ च्या सुमारास कायदा झाला, की अशा माणसांनी राज्याबाहेर जाऊ नये, देशातल्याच एखाद्या आश्रयस्थानात जन्मभर राहावे. १६२४ मध्ये चर्चमधला आश्रयच रद्द झाला आणि ही वाट बंद झाली.

दरम्यान १२१५ च्या मॅग्ना कार्टाने एक महत्त्वाचे वचन दिले होते. त्याच्या ३९ व्या कलमाचा आशय असा, की कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या कायदेशीर निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कैद करता येणार नाही, कायद्याबाहेर टाकता येणार नाही आणि देशाबाहेरही घालवता येणार नाही. १२९७ मध्ये पुन्हा जारी झालेल्या सनदेत हे २९ वे कलम म्हणून राहिले आणि ते आजही इंग्लंडच्या कायद्यात आहे. पण ‘स्वतंत्र माणूस’ कोण, हे सनद सांगत नव्हती. १८ जुलै १२९० रोजी पहिल्या एडवर्डने हुकूम काढला आणि १ नोव्हेंबरच्या आत सर्व यहुद्यांनी देश सोडावा असे फर्मावले. यहुदी ही राजाची खासगी चीज मानली जाई, त्यामुळे निवाड्याचा प्रश्नच कोणी उपस्थित केला नाही. क्रॉमवेलच्या काळात, १६५६ नंतर, ते पुन्हा उघडपणे राहू लागले.

सतराव्या शतकात सर एडवर्ड कोक यांनी मॅग्ना कार्टावर भाष्य लिहिताना या वचनाचा अर्थ ताणता येईल तितका ताणला. राजा कोणाही प्रजाजनाला त्याच्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर पाठवू शकत नाही, मोठ्या हुद्द्यावर नेमून आयर्लंडलाही पाठवू शकत नाही, कारण तीही हद्दपारीच होईल, असे त्यांचे म्हणणे होते. राजांना हे पटले नाही. दुसऱ्या चार्ल्सचे मंत्री अर्ल ऑफ क्लॅरेंडन यांच्यावर आरोप होता, की त्यांनी कैद्यांना दूरच्या बेटांवर आणि ठाण्यांत पाठवून इंग्लंडच्या न्यायालयांपासून तोडले. १६६७ मध्ये क्लॅरेंडन फ्रान्सला निघून गेले. पार्लमेंटने खास कायदा करून त्यांनाच हद्दपार केले आणि १६७४ मध्ये ते परदेशातच वारले. त्यांच्या त्या जुन्या उपायाला १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याने बंदी घातली. इंग्लंडच्या रहिवाशाला कैदी म्हणून स्कॉटलंड, आयर्लंड, जर्सी, टँजियर किंवा समुद्रापारच्या कोणत्याही मुलखात पाठवणे बेकायदा ठरले. न्यायालय आणि कैदी यांच्यामध्ये समुद्र आणला की हक्क कागदावर राहतात, हे इंग्रजांना त्या काळी पक्के समजले होते. दोनशे वर्षांनंतर हिंदुस्थानातल्या कैद्यांच्या बाबतीत हीच समजूत त्यांनी बाजूला ठेवली.

कोक आणि पुढे कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांचे मत असे, की देशाबाहेर घालवण्याची शिक्षा इंग्लंडच्या परंपरागत कायद्याला ठाऊकच नाही. ती पार्लमेंटने स्पष्ट सांगितले तर, किंवा फाशी चुकवण्यासाठी गुन्हेगाराने स्वतः पत्करली तरच होऊ शकते. पार्लमेंटने ते सांगायला फार उशीर केला नाही. १५९७ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यात धोकादायक फिरस्त्यांना समुद्रापार पाठवण्याची तरतूद झाली होतीच. १७१८ मध्ये ट्रान्सपोर्टेशनचा मोठा कायदा आला. साध्या गुन्ह्यांना सात वर्षे, फाशीच्या गुन्ह्यांत माफी मिळालेल्यांना बहुधा चौदा. कंत्राटदार कैदी जहाजात भरून अमेरिकेत नेत आणि त्यांची मजुरी मळेवाल्यांना विकत. मुदतीआधी परतणाऱ्याला फाशी. १७७५ पर्यंत सुमारे पन्नास हजार माणसे अशी अटलांटिकपार गेली. अमेरिकन वसाहतींनी बंड केल्यावर कैदी थेम्समधल्या मोडक्या जहाजांत कोंडले गेले. मग १३ मे १७८७ रोजी अकरा जहाजांचा ताफा पोर्ट्समथहून निघाला आणि जानेवारी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला लागला. १८६८ मध्ये शेवटचे जहाज फ्रीमँटलला पोचेपर्यंत एक लाख साठ हजारांहून अधिक कैदी तिकडे नेले गेले. १८३४ मध्ये डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावचे सहा शेतमजूर संघटनेची गुप्त शपथ घेतल्याबद्दल सात वर्षांसाठी पाठवले गेले. लोकांचा संताप एवढा झाला की १८३६ मध्ये त्यांना माफी द्यावी लागली.

‘बॅनिशमेंट’ आणि ‘ट्रान्सपोर्टेशन’ एकच की वेगळे, यावरचा सर्वांत बोलका वाद स्कॉटलंडमधून उभा राहिला. थॉमस म्यूर हा एडिंबरोचा तरुण वकील. सामान्य माणसाला मताचा हक्क मिळावा म्हणून तो सभा घेई, पुस्तके वाटे. ऑगस्ट १७९३ मध्ये लॉर्ड ब्रॅक्सफील्ड यांच्या न्यायालयाने राजद्रोहाबद्दल त्याला चौदा वर्षांचे ट्रान्सपोर्टेशन ठोठावले. मार्च १७९४ मध्ये विल्यम अ‍ॅडम यांनी हा प्रश्न पार्लमेंटमध्ये आणला. त्यांचा मुद्दा शब्दाचा होता. राजा आणि प्रजा यांच्यात वितुष्ट पाडणाऱ्या भाषणाला स्कॉटलंडच्या १७०३ च्या कायद्यात दंड, कैद किंवा ‘बॅनिशमेंट’ एवढीच शिक्षा लिहिली होती. बॅनिशमेंट म्हणजे स्वदेश सोड, मग हवा तिकडे जा. ट्रान्सपोर्टेशनमध्ये माणसाला ठरलेल्या जागी नेऊन डांबतात आणि राबवतात. पहिल्यात एक देश बंद होतो, दुसऱ्यात एक सोडून सारे जग बंद होते. अ‍ॅडम यांचा युक्तिवाद सरळ होता, पण फ्रान्समधल्या क्रांतीने धास्तावलेल्या सभागृहाने तो फेटाळला. म्यूर सिडनीला पोचला, १७९६ मध्ये एका अमेरिकन जहाजातून निसटला आणि १७९९ मध्ये फ्रान्समध्ये मरण पावला. स्कॉटलंड त्याला पुन्हा दिसले नाही.

ब्रिटनमध्ये १८५३ आणि १८५७ च्या कायद्यांनी ट्रान्सपोर्टेशनची शिक्षा मोडीत निघून तिची जागा सक्तमजुरीच्या कैदेने घेतली. हिंदुस्थानात उलटे झाले. मार्च १८५८ मध्ये १८५७ च्या बंडातले कैदी अंदमानला उतरवले गेले आणि १८६० च्या दंडविधानात जन्मठेपेची शिक्षा ‘ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ याच नावाने आली. इंग्लंडने जी शिक्षा स्वतःसाठी नको म्हटली, ती इथे आणखी पंचाण्णव वर्षे कायद्यात राहिली. १९५५ च्या दुरुस्तीने ते शब्द पुसून ‘इम्प्रिझनमेंट फॉर लाइफ’ असे लिहिले आणि १ जानेवारी १९५६ पासून ती अंमलात आली.

त्याहून मोठी तफावत न्यायालयाशिवायच्या हद्दपारीत होती. बंगालमध्ये १८१८ चे तिसरे रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्यात १८२७ चे पंचविसावे, यांनी सरकारला कोणालाही ‘राजकीय कैदी’ म्हणून खटल्याविना अडकवून ठेवण्याचा अधिकार दिला. मॅग्ना कार्टाचे वचन आणि १६७९ चा कायदा ज्या गोष्टी निषिद्ध मानत होते, त्याच इथे नियम म्हणून छापल्या गेल्या. सप्टेंबर १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. त्यांच्यावर ब्रिटिशांविरुद्ध कट केल्याचा आरोप होता. आरोप कबूल केले तर गादी राहील, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. उघड चौकशी करा, ही त्यांची मागणी कोणी ऐकली नाही. त्यांना काशीला नेऊन ठेवले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे एकच मागणी मांडत राहिले: महाराजांचे म्हणणे ऐकून घ्या. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. इंग्रजांना त्यांच्याच सनदेची आठवण त्यांच्याच राजधानीत करून देणारा हा मराठी माणूस रिकाम्या हाताने परतला, आणि मराठी वाचकांना त्याची ओळख आजही पुरेशी नाही. पुण्याच्या नातू बंधूंना तर लंडनला वकील पाठवण्याइतकाही अवसर मिळाला नाही. प्लेग अधिकारी रँड यांच्या खुनानंतर जुलै १८९७ मध्ये बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू यांना १८२७ च्या रेग्युलेशनखाली पकडले गेले. खून केल्याचा आरोप नाही, खटला नाही. १८९९ मध्ये सुटका झाली तेव्हाही आपण कशाबद्दल आत होतो हे त्यांना कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नव्हते.

विनायक दामोदर सावरकर यांच्या प्रकरणात आणखी एक शब्द पुढे आला. ते १९०६ पासून लंडनमध्ये होते, हायगेटमधल्या इंडिया हाउसमध्ये राहत आणि ग्रेज इनमध्ये कायदा शिकत. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून येऊन व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरताच त्यांना अटक झाली. कायदा होता १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा. त्यात हद्दपारी हा शब्दच नाही. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपीला ‘परत’ पाठवणे, एवढेच आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा डिसेंबर १९०९ मध्ये खून झाला, तेव्हा सावरकर लंडनमध्ये होते. तरी खटला इंग्लंडमध्ये न चालवता मुंबईतच चालावा, असे लंडनच्या न्यायालयांनी ठरवले. इंग्लंडमध्ये त्यांना सामान्य ज्यूरी मिळाली असती, मुंबईत खास न्यायाधिकरण होते आणि ज्यूरी नव्हती. ‘परत’ या साध्या शब्दाने एवढा फरक झाला. १ जुलै १९१० रोजी मोरिया बोट निघाली आणि ८ जुलैला मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पुन्हा पकडून बोटीवर आणले. त्यांना फ्रान्सच्या स्वाधीन करावे की नाही, हा प्रश्न हेगच्या लवादापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने ब्रिटनच्या बाजूने निकाल दिला. तोवर मुंबईत दोन जन्मठेपांची शिक्षा झालीही होती. इंग्लंडमधून स्वदेशी पाठवलेला माणूस त्याच वर्षी जुलैमध्ये स्वदेशातून अंदमानला गेला.

स्वदेशी पाठवणे हीसुद्धा हद्दपारी असू शकते, हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्या उदाहरणात उघड दिसते. ते इंग्रज. रौलट कायद्याविरुद्ध आणि पंजाबमधल्या अत्याचारांविरुद्ध ते लिहीत होते, म्हणून एप्रिल १९१९ मध्ये मुंबई सरकारने त्यांना उचलून इंग्लंडला रवाना केले. जन्मभूमीकडे नेणाऱ्या त्या जहाजाला कोणी घरवापसी म्हटले नाही. हिंदी आणि इंग्रज दोघांनीही ‘डिपोर्टेशन’ हाच शब्द वापरला. माणूस जिथे काम करतो, बोलतो, जिथल्या लोकांसाठी झिजतो, तिथून तोडले जाणे हेच या शब्दाच्या गाभ्याशी आहे. हॉर्निमन १९२६ मध्ये मुंबईला परतले, आणि स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलला त्यांचे नाव मिळाले.

इंग्लंडच्या न्यायालयाने याच शब्दावर सरकारला रोखल्याचेही उदाहरण आहे. मार्च १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये राहणाऱ्या सुमारे शंभर आयरिश लोकांना पकडून डब्लिनला पाठवले आणि तिथल्या नव्या सरकारच्या ताब्यात दिले. त्यांच्यापैकी आर्ट ओब्रायन यांच्या अर्जावर अपील न्यायालयाने मे महिन्यात हा हुकूम बेकायदा ठरवला, आणि त्या लोकांना परत आणावे लागले. १९१० मध्ये ‘परत’ पाठवणे हा साम्राज्याचा घरगुती व्यवहार मानला गेला होता. तेरा वर्षांनी, लंडनपासून एका रात्रीच्या बोटप्रवासावर असलेल्या डब्लिनच्या बाबतीत, न्यायालयाला हद्द दिसली.

दुसऱ्या महायुद्धानंतरही वसाहतींत जुनीच रीत चालू राहिली. मार्च १९५६ मध्ये सायप्रसचे आर्चबिशप मकारिओस यांना खटल्याविना सेशेल्सला पाठवण्यात आले. पण सर्वांत दुखरे प्रकरण हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचे. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटनने तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना मॉरिशस आणि सेशेल्सला हलवले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जन्मलेल्या लोकांना कागदावर ‘कंत्राटी मजूर’ म्हटले गेले, आणि त्यांना बाहेर ठेवणाऱ्या १९७१ च्या आदेशाला ‘इमिग्रेशन ऑर्डिनन्स’ हे नाव दिले. ज्यांना घरातून काढले, त्यांना कायद्याने बाहेरून येऊ पाहणारे ठरवले. चागोसवासी ऑलिव्हिए बँकू यांनी दावा लावला. नोव्हेंबर २००० मध्ये लंडनच्या हायकोर्टाने मॅग्ना कार्टाच्या २९ व्या कलमापर्यंत मागे जाऊन तो आदेश रद्द केला. २००४ मध्ये सरकारने राजाज्ञेने बंदी पुन्हा घातली, आणि २२ ऑक्टोबर २००८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ती वैध मानली. लॉर्ड बिंगहॅम आणि लॉर्ड मान्स या दोघांनी विरोधी मत दिले. राजाज्ञेने एका वसाहतीतले मूळ रहिवासी घालवण्याचा अधिकार राजाला कधी होता, याला आधार सापडत नाही, हा लॉर्ड बिंगहॅम यांच्या मताचा आशय. कोक यांच्या भाष्याशी तो थेट जुळतो.

आज युनायटेड किंगडममध्ये ‘डिपोर्टेशन’ हा शब्द १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात आहे आणि तो ब्रिटिश नागरिकाला लावता येत नाही. नागरिकाला देशाबाहेर घालवायचे, तर वेगळा शब्द शोधावा लागतो. १९७४ च्या दहशतवादविरोधी कायद्याने ‘एक्स्क्लूजन ऑर्डर’ आणली. उत्तर आयर्लंडच्या माणसाला, तो ब्रिटिश नागरिक असला तरी, ग्रेट ब्रिटनबाहेर ठेवता येई. खटला नाही, मंत्र्याची सही पुरे. १९९८ मध्ये हा अधिकार संपला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातील तडीपारीशी या आदेशाचे बरेच साम्य होते, पण तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची आणि ठरावीक क्षेत्रापुरती असते, आणि नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते. दुसरा मार्ग नागरिकत्वच काढून घेण्याचा. १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याच्या ४० व्या कलमात २००६ च्या दुरुस्तीने ‘सार्वजनिक हितास पोषक’ एवढे कारण पुरेसे केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सीरियातल्या छावणीत असलेल्या लंडनच्या शमीमा बेगम यांचे नागरिकत्व असे काढले गेले. अपिलासाठी तरी देशात येऊ द्या, ही त्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२१ रोजी नाकारली. या कलमात हद्दपारी हा शब्द कुठेही नाही. २०१५ च्या कायद्याने आणखी एक आदेश निर्माण केला: नागरिकत्व राहते, पण दोन वर्षांपर्यंत परवाना घेतल्याशिवाय मायदेशी पाऊल ठेवता येत नाही. त्याचे नाव ‘टेम्पररी एक्स्क्लूजन ऑर्डर’.